लिलाव थोपवणारी मुदत

१९२०च्या दशकात अमेरिकेत घरासाठी घेतलेल्या बँकेच्या कर्जाची मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असे. मुदत संपली म्हणजे कर्ज फिटलं असं मात्र नव्हतं. तोवर फक्त व्याज भरायचं आणि शेवटी अख्खं मुद्दल एकदम समोर उभं राहायचं. ते रोख फेडणारे थोडेच; बँक कागद नवा करून द्यायची. १९२९नंतर बँकाच बुडू लागल्या आणि कागद नवा करून देणारं कुणी उरलं नाही. एकदाही व्याज न चुकवलेल्या माणसाचं घरही असं लिलावात निघू लागलं. १९३३च्या पूर्वार्धात रोज सुमारे एक हजार घरं जात होती.

शेतकरी भागात लोकांनी आपला उपाय काढला. शेजारी लिलावाला झुंडीनं जात, गाईला, नांगराला चार-दोन सेंटांची बोली लावत, बाहेरच्या गिऱ्हाइकाला डोळे वटारत आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत देत. प्रकरण नेहमीच इतक्या हसतमुखानं मिटलं नाही. २७ एप्रिल १९३३ला आयोवातल्या ल मार्स गावी जमावानं न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून नेलं, गळ्यात दोर अडकवला आणि यापुढे जप्तीच्या हुकमावर सही करणार नाही अशी शपथ मागितली. त्यांनी ती घेतली नाही. ते वाचले, गव्हर्नरनं त्या काउंटीत लष्करी कायदा पुकारला. मराठी वाचकाला इथे पुणे जिल्ह्यातलं सुपं गाव आठवेल. १२ मे १८७५ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि चार वर्षांनी आलेल्या कायद्यानं कोर्टाला कर्जाचं मूळ तपासून हप्ते बांधून देण्याची मुभा दिली.

मिनेसोटानंही कायद्याचीच वाट धरली. एप्रिल १९३३मध्ये तिथे लिलावात गेलेलं घर सोडवून घेण्याची मुदत वाढवण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. मिनियापोलिसमधलं ब्लेसडेल दांपत्य आपल्या चौदा खोल्यांच्या घरात तीन खोल्यांत राहून बाकीच्या भाड्यानं देत असे. कोर्टानं त्यांना १ मे १९३५पर्यंत मुदत दिली, अट एकच: महिना ४० डॉलर भरायचे. कर्ज देणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. करार मोडणारे कायदे राज्यांनी करू नयेत असं राज्यघटनाच सांगते, हा तिचा मुद्दा काही पोकळ नव्हता. जानेवारी १९३४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मुदतवाढ टिकली.

पण मुदत वाढली तरी कर्ज तेच राहतं. कर्जाची घडणच बदलली ती होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं. जून १९३३च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या सरकारी महामंडळानं बँकांना रोखे देऊन त्यांच्याकडची थकलेली गहाणखतं विकत घेतली आणि घरमालकाला पंधरा वर्षांचं, पाच टक्क्यांचं, दर हप्त्यात मुद्दलही फेडणारं नवं कर्ज दिलं. येणारा अर्जदार साधारण दोन वर्षं थकलेला असे, घरपट्टीसकट. तीन वर्षांत दहा लाखांवर कर्जं दिली गेली. १९३९मध्ये मुदत पंचवीस वर्षांपर्यंत नेण्याची सोय झाली.

महामंडळ दानशूर नव्हतं. जवळजवळ दोन लाख घरं त्यानं स्वतःच जप्त केली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगवणारे शहरांचे कुप्रसिद्ध नकाशेही त्याचेच, जरी बहुतेक कर्जं नकाशांच्या आधीच वाटून झाली होती. १९५१मध्ये ते बंद झालं तेव्हा हिशेबात थोडा नफाच निघाला.

२००८च्या पडझडीत हे महामंडळ पुन्हा उभारावं, अशी मागणी काही अर्थतज्ज्ञांनी केली. सरकारनं गहाणखतं विकत घ्यायचं टाळलं आणि हप्ते कमी करण्यासाठी बँकांना पैसे देणारी योजना २००९मध्ये आणली. लक्ष्य ३० ते ४० लाख कुटुंबांचं होतं. कायमची सवलत त्यातल्या जेमतेम निम्म्यांपर्यंत पोहोचली.