अंडाशयाच्या अर्बुदांची जनुकीय कारणे

अंडाशयाची अर्बुदे म्हणजे अंडाशयातील (बीजांडकोशातील) पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे तयार होणाऱ्या गाठी होत. त्यांपैकी काही साध्या, तर काही मारक (कर्करोगी) असतात. 'अंडाशयाचा कर्करोग' हा एकच रोग नसून, वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळ्या जनुकीय बदलांमुळे उद्भवणाऱ्या अनेक रोगांचा तो समूह आहे.

प्रकार व संबंधित जनुके

मारक अर्बुदांपैकी सुमारे ९० टक्के अर्बुदे आवरणपेशींपासून निर्माण होतात. उरलेली जननपेशींपासून किंवा संप्रेरके निर्माण करणाऱ्या आधारक पेशींपासून होतात. आवरणपेशींच्या अर्बुदांत उच्च श्रेणीचा सीरस कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यात पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारे टीपी५३ हे जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते. निम्न श्रेणीच्या सीरस अर्बुदांत केरास व बीरॅफ, तर एंडोमेट्रिओसिसशी निगडित अर्बुदांत एआरआयडी१ए या जनुकातील उत्परिवर्तने आढळतात. आधारक पेशींच्या ग्रॅन्युलोसा अर्बुदाच्या प्रौढ प्रकारात फॉक्सएल२ या जनुकातील एकच ठरावीक बदल बहुतेक रुग्णांत सापडतो. तो २००९ मध्ये उघडकीस आला.

उगमस्थान

उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगाचा आरंभ बऱ्याचदा अंडाशयात नव्हे, तर अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होतो, असे आता मानले जाते. तेथील सूक्ष्म विकृतीत टीपी५३ चे जे उत्परिवर्तन असते, तेच पुढे मुख्य गाठीतही आढळते.

आनुवंशिकता

बीआरसीए१ (गुणसूत्र १७) व बीआरसीए२ (गुणसूत्र १३) ही जनुके तुटलेल्या डीएनएची बिनचूक दुरुस्ती करण्यास मदत करतात. ती अनुक्रमे १९९४ व १९९५ मध्ये ओळखली गेली. सदोष बीआरसीए१ असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तर सदोष बीआरसीए२ असल्यास सुमारे १७ टक्के असते. हा दोष आईप्रमाणे वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे कुटुंबाचा इतिहास पाहताना वडिलांकडील आत्या व आजी यांचाही विचार करावा लागतो.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व सहकाऱ्यांनी एका रुग्णेच्या पोटातील द्रवातून मिळवलेल्या पेशींचा अभ्यास केला. त्या मिश्र पेशीसमूहातून त्यांनी अर्बुद निर्माण करू शकणारा एक पेशीवंश वेगळा केला. दुसऱ्या एका पेशीवंशात संवर्धनादरम्यान आपोआप कर्करोगी रूपांतर झाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यातून, मूलपेशींसारख्या मोजक्या पेशी रोगाच्या आक्रमकतेस कारणीभूत असू शकतात, या मताला आधार मिळाला.

निदान व उपचारांतील महत्त्व

सामान्य स्त्रियांसाठी विश्वसनीय चाळणी-चाचणी उपलब्ध नाही. ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०२१) सीए-१२५ ही रक्तचाचणी व सोनोग्राफी यांमुळे मृत्यू घटल्याचे दिसले नाही. म्हणूनच आनुवंशिक दोष रोगापूर्वी ओळखण्याला महत्त्व आहे. दोष असलेल्या स्त्रीने अपत्यप्राप्तीनंतर अंडाशय व अंडवाहिन्या काढून घेतल्यास धोका बराच कमी होतो. मात्र त्यामुळे रजोनिवृत्ती अकाली येते. बीआरसीए जनुके निकामी झालेल्या पेशींची दुरुस्तीची पर्यायी वाट ओलापॅरिबसारखी पार्प-रोधक औषधे बंद करतात आणि त्या पेशी मरतात.