नोटेवरची क्लारा



गटाच्या बैठकीत आपण नोटा मोजतो. आज आम्ही एका नोटेची गोष्ट सांगणार आहोत. जर्मनीत १९९० साली १०० मार्कांची नवी नोट निघाली. तिच्यावर एका बाईचं चित्र होतं. राणीचं नव्हे, पुढारीणबाईचंही नव्हे, तर पियानो वाजवून घर चालवणाऱ्या क्लारा शुमानचं.

पियानोला आपल्या बाजाच्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण भाता नसतो. पट्टी दाबली की आत तारेवर हातोडी पडते आणि सूर निघतो.

क्लाराचा जन्म १८१९ चा, लाइपझिग शहरातला. आईबाप वेगळे झाले आणि तिथल्या कायद्याने लेक बापाकडे गेली. बाप पियानोचा शिक्षक. ११ व्या वर्षी तिचा स्वतःचा जलसा झाला. १६ व्या वर्षी तिने स्वतः रचलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवलं. कमाई मात्र बापाच्या हातात. तिची रोजनिशीसुद्धा कितीदा तोच लिहायचा, ‘मी’ म्हणून!

रॉबर्ट शुमान या संगीतकाराशी तिचं मन जुळलं. बापाचा नकार. वर अट, की सात वर्षांच्या कमाईवर पाणी सोड. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने परवानगी दिली आणि १८४० साली, २१ वा वाढदिवस उद्यावर असताना, लग्न झालं.

घरी मात्र रॉबर्ट संगीत लिहायला बसला की त्याला शांतता हवी, म्हणून हिचा पियानो बंद. बाईने रचना करायची हौस धरू नये, असं तिने लग्नाआधीच रोजनिशीत लिहिलं होतं. २० वर्षांच्या पोरीच्या मनात हे कुठून आलं असेल, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तरी १८४६ साली तिने तीन वाद्यांसाठी एक सुंदर रचना केलीच.

१८५४ साली रॉबर्टचं मन बिघडलं. त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, पण त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. पदरी सहा लेकरं, सातवं पोटात. मदतीसाठी जलसा करू, असं संगीतकार मंडळी म्हणाली, तर ती नाही म्हणाली. बाळंतपण उरकून काही महिन्यांत ती स्वतःच दौऱ्यावर निघाली. दोन वर्षांनी रॉबर्ट गेला. पुढे ती कितीतरी वेळा इंग्लंडला जाऊन वाजवून आली. १८७८ साली फ्रँकफुर्टच्या संगीत विद्यालयात तिला शिक्षिकेची जागा मिळाली. मुलगा फर्डिनांड आजारी पडला तेव्हा नातवंडांचा खर्चही आजीनेच उचलला. १८९१ पर्यंत ती लोकांसमोर वाजवत होती. १८९६ ला गेली.

आम्हाला एक गोष्ट खुपते. नवऱ्याच्या रचना तिने गावोगावी वाजवल्या, नीट तपासून छापून आणल्या. स्वतःची नवी रचना मात्र त्याच्या मरणानंतर जवळजवळ केलीच नाही.

आता जगभर तिचं संगीत पुन्हा वाजवतात. पुढच्या बैठकीत कुणाच्या तरी फोनवर ‘क्लारा शुमान’ असं बोलून शोधा. ती तीन वाद्यांची रचना आधी लावा.