जंजीर आणि गळ्यातली साखळी

हा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी आला असेलच. फुलांनी झाकलेला लॅब्रॅडॉर, आणि त्याला पुष्पचक्र वाहणारा पोलीस अधिकारी. फोटो नोव्हेंबर २०००चा, कुत्र्याचं नाव जंजीर. आज त्याची गोष्ट सांगतोय, पण एका वादासाठी.

आमच्या नाशिकमध्ये सकाळी गंगापूर रोडला चक्कर मारा. पट्ट्याला हिसके देत कुत्रं फिरवणारं कोणीतरी दिसतंच. ‘आधी त्याला कळू द्या मालक कोण ते,’ हा सल्ला तर फुकटात मिळतो. आता बटण दाबलं की शॉक देणारे पट्टेही ऑनलाइन आलेत.

हा सल्ला बराच जुना आहे. कोनराड मोस्ट नावाच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. जमलं की शाबासकी, चुकलं की पट्ट्याचा हिसका. पुढे लष्करी कुत्र्यांबरोबर ही पद्धत पसरली. खरं सांगायचं तर तिने कुत्री शिकायची. ‘बस’, ‘थांब’, ‘शेजारून चाल’ एवढं धाकानेही जमतं.

नाकाचं काम मात्र धाकाने होत नाही.

जंजीर पुण्यात, शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला. नाव अमिताभच्या पिक्चरवरून. २९ डिसेंबर १९९२ला तो मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात आला आणि अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ला, साखळी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं गेली. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं जंजीरने हुडकली. त्याच्या नावावर एकूण नोंद सांगितली जाते ती ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्बची.

आता त्या स्कूटरपाशी पट्टा धरून उभ्या असलेल्या हवालदाराचा विचार करा. बॉम्ब कुठे आहे हे त्याला माहीत नाही. माहीत असलंच तर ते कुत्र्याला. मग चूक कोणती ठरवून हिसका द्यायचा? आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, अपेक्षित उत्तरच हातात नाही, तर टेस्ट फेल कशी करणार? शिवाय घाबरलेलं कुत्रं वास घेत नाही, ते मालकाचं तोंड बघतं. मालक ज्या गाडीपाशी रेंगाळला तिथे बसून मोकळं होतं.

म्हणून हे काम खेळातून शिकवतात. स्फोटकाचा वास आणि आवडता चेंडू यांची जोडी लावायची. वास सापडला की चेंडू. आधी उघड्या डब्यात, मग बॅगेत, मग गाडीत. सापडल्यावर भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, गुपचूप बसायचं, कारण समोर खराच बॉम्ब असू शकतो. कुत्र्याला आरडीएक्सशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी तो चेंडूचा पत्ता असतो.

यात टायमिंग फार महत्त्वाचं. बक्षीस उशिरा आलं तर कुत्र्याला कळतच नाही की ते कशाबद्दल मिळालं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१च्या एका लेखात त्यावर सोपा उपाय सुचवला: दाबलं की टिकटिक वाजणारं पत्र्याचं खेळणं. आपल्या कालिकेच्या जत्रेत पोरं वाजवतात तसलंच! बरोबर केलं त्याच क्षणी ‘टिक’, मग खाऊ. आजचा क्लिकर हा त्याचाच प्लॅस्टिकचा वारसदार. माझ्या मते शॉकच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्र, आणि चार्जिंगही लागत नाही.

१६ नोव्हेंबर २०००ला जंजीर हाडांच्या कॅन्सरने गेला. वय आठ. निरोप पोलीस इतमामात.

घरी करून बघायचं असेल तर तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली बिस्किट. नाक योग्य वाटीवर आलं की लगेच ‘हां!’ म्हणा आणि वाटी उचला. चुकीच्या वाटीवर काहीच करायचं नाही, रागवायचंही नाही. आमच्या बिल्डिंगखालची गावठी काळी हे तीन दिवसांत शिकली. चौथ्या दिवशी तिने माझी वाट न बघता तिन्ही वाट्या स्वतःच उलटवल्या.