सुट्टी नेमकी कोणाची? केनियाच्या कॅलेंडरची गोष्ट

नवीन कॅलेंडर भिंतीवर आलं की आपण आधी लाल आकडे मोजतो. किती सुट्ट्या रविवारी बुडाल्या त्याचा हिशेब लावतो. पूर्व आफ्रिकेतल्या केनियात हा प्रश्न कायद्यानेच मिटवलाय. सार्वजनिक सुट्टी रविवारी आली की सोमवारी मिळते. पण तिथली खरी भानगड वेगळीच आहे. सुट्टी कोणाच्या नावाने द्यायची?

२० ऑक्टोबर १९५२. ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी लावली आणि जोमो केन्याटांसह अनेक नेत्यांना उचललं. त्यातल्या सहा जणांवर कापेनगुरिया या आडगावात खटला चालला. त्यांच्या बचावासाठी आपल्याकडून दिवाण चमनलाल गेले होते.

स्वातंत्र्यानंतर केन्याटा सत्तेवर आले आणि २० ऑक्टोबर झाला 'केन्याटा डे'. त्यांच्यामागून डॅनियल अराप मोई आले. मग १० ऑक्टोबरला 'मोई डे' सुरू झाला! दोन राष्ट्राध्यक्ष, दहा दिवसांच्या अंतराने दोन सुट्ट्या.

आणि जंगलात राहून इंग्रजांशी लढलेली माऊ माऊची माणसं? त्यांच्या संघटनेवर १९५० मध्ये गोऱ्या सरकारने घातलेली बंदी स्वतंत्र केनियातही तशीच राहिली. ती उठली थेट २००३ मध्ये. म्हणजे देश १९६३ ला स्वतंत्र झाला आणि त्यासाठी लढलेले पुढची चाळीस वर्षं कागदोपत्री बेकायदाच. त्यांचा सेनानी डेडान किमाथी १८ फेब्रुवारी १९५७ ला फासावर गेला. नैरोबीत त्याचा पुतळा उभा राहिला २००७ मध्ये.

२०१० च्या राज्यघटनेने हे बदललं. तिने तीनच राष्ट्रीय दिवस ठेवले. १ जून 'मदाराका', म्हणजे १९६३ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळाल्याचा दिवस. १२ डिसेंबर 'जम्हूरी', याच तारखेला १९६३ ला स्वातंत्र्य आणि १९६४ ला प्रजासत्ताक. आपले १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी एकाच दिवशी आल्यासारखं! आणि केन्याटा डेचा झाला 'मशुजा डे', म्हणजे शूरांचा दिवस. पानिपतामुळे आपल्याला माहीत असलेल्या शुजाउद्दौलाच्या नावातला 'शुजा' तोच, मूळ अरबी.

मोई डे घटनेत नव्हता. पण सुट्ट्यांचा जुना कायदा बदलायचं राहून गेलं! २०१७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, कायद्यात आहे तोवर सुट्टी आहे. त्यामुळे ती परत आली. पुढे तिचं नाव सेवा, मग संस्कृती असं बदलत गेलं आणि २०२४ पासून ती 'माझिंगिरा डे', पर्यावरण दिवस आहे. तारीख तीच, माणूस मात्र गेला.

धर्माच्या सुट्ट्यांचंही बघा. देश बहुसंख्य ख्रिस्ती. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, नाताळ ठरलेलेच. पण रमजान ईदची सुट्टी सगळ्यांना. आणि त्याच कायद्यात हिंदूंसाठी दिवाळीची वेगळी नोंद आहे. रेल्वेच्या काळापासून तिथे वसलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना २०१७ मध्ये सरकारने देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

या लोकांतही शुजा होते. गोमंतकीय कुटुंबातला, नैरोबीत जन्मलेला पियो गामा पिंटो गोव्याच्या मुक्तीसाठी झटला, केनियासाठी इंग्रजांच्या कैदेत राहिला. स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ ला, नैरोबीत घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या. 'केन्याटा डे'त अशा माणसाला जागा नव्हती. 'मशुजा डे'त आहे.

दिवस नेत्याच्या नावाचा असला की बाकीचे फक्त टाळ्या वाजवायला उरतात. केनियाला हे कळायला जवळपास पन्नास वर्षं लागली. आता सांगा, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या आपल्या तालुक्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला न बघता सांगता येतील? कमेंटमध्ये लिहा.