जुनी कुऱ्हाड गंजली? भंगारात नको, अन् चुलीत तर नकोच

परभणी : तुरी निघाल्या की सरपणाची बेगमी सुरू होते आणि गोठ्याच्या आढ्याला खोचलेली जुनी कुऱ्हाड आठवते. खाली काढावी तर पातं तांबडं, दांडा किडलेला. मग ती भंगारवाल्याकडं किलोच्या भावानं जाते, नाहीतर नेढ्यात अडकलेला दांड्याचा तुकडा जाळण्यासाठी विस्तवात टाकली जाते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट.

विस्तवात लाकूड जळतं, पण धारेचं पाणीही उतरतं. लोहार पोलाद लाल करून विझवतो आणि त्यातून जो कडकपणा येतो, त्यालाच पाणी म्हणतात. साधारण 300 अंशांच्या आसपास धारेवर निळी झाक येते. ती दिसली की पाणी उतरलं समजा. ग्राइंडरनं ठिणग्या उडवत धार काढली तरी तेच होतं. गंज घरी निघतो, गेलेलं पाणी भट्टीशिवाय परत येत नाही.

म्हणून तुकडा छिन्नीनं पोखरून, ठोकून काढावा. पातं सुतळीला टांगून दगडानं हळूच ठोकावं. खणखणीत नाद आला तर बरं, बद्द आवाज आला तर चीर असण्याची शंका घ्यावी. नेढ्याला चीर गेलेली कुऱ्हाड मात्र खुशाल भंगारात द्यावी.

गंजासाठी प्लास्टिकच्या बादलीत चिंचेचा घट्ट कोळ किंवा किराणा दुकानातलं व्हिनेगर घेऊन पातं रात्रभर बुडवावं. गंज जाड असेल तर एक दिवस. त्याहून जास्त नको, आंबट पाणी चांगलं लोखंडही खातं. मग तारेच्या ब्रशनं घासावं, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवावं आणि लगेच पुसून उन्हात वाळवावं. ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. घाई नसेल तर एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यात दोन आठवडे ठेवलं तरी गंज सुटतो. फक्त झाकण लावावं, नाहीतर जनावर तोंड घालतं. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नये. त्याची वाफ छातीला बाधते आणि पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

धारेला कानस लावली की कुऱ्हाडीची खरी परीक्षा होते. कानस घसरत असेल, जेमतेम चावत असेल तर पाणी शाबूत आहे. मऊ लोखंडासारखा भुगा पडू लागला तर पाणी गेलेलं. कानस पुढं ढकलतानाच कापते, मागं ओढताना उचलावी. फांद्या छाटायला धार पातळ ठेवावी, ओंडके फोडायला जाड. हातमोजे घालावेत. कापलंच तर जखम धुवून प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

पाणी गेलं असेल तर गावचा लोहार किंवा पाल टाकून बसलेले घिसाडी गाठावेत. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते, असं काम मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पाजवून घ्यायला नव्या कुऱ्हाडीपेक्षा कमीच खर्च येतो. धार फारच झिजली असेल तर ते गाडीच्या पाट्याचं पोलादही जोडून देतात. असे कारागीर आता कमी दिसतात, तेव्हा गावात आले की काम उरकून घ्यावं.

दांड्याला धावडा उत्तम. तो मिळाला नाही तर वाळलेली बाभूळ. ओला दांडा बसवू नये, वाळला की ढिला होतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात, मध्येच गाठ नको. नेढ्यातून वर आलेल्या टोकाला चीर पाडून कडक लाकडाची पाचर ठोकावी.

ढिली कुऱ्हाड पाण्यात बुडवून घट्ट करायची सवय मात्र घातक आहे. लाकूड फुगतं आणि नेढ्यात दाबलं जातं, वाळल्यावर आधीपेक्षा जास्त आकसतं. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात तर एका दिवसात. असंच पातं निसटून समोरच्याला लागतं. त्यापेक्षा नवी पाचर मारावी आणि दांड्याला जवसाचं तेल चोळावं. पात्यालाही तेलाचा हात द्यावा आणि कुऱ्हाड खताच्या पोत्यांपासून लांब टांगावी. खताचे क्षार ओल ओढतात, त्यानं गंज लवकर धरतो.