सोप्यावरचा धूर

पेडणे महालातील जुन्या घरांतून एक अलिखित नियम असे. वडीलधारी मंडळी सोप्यावर बसली असता कर्त्या मुलानेदेखील विडी शिलगावावयाची नाही. तलफ अनावर झालीच तर गोठ्यामागे जावे, आणि वडिलांचे खाकरणे कानी पडताच ती पायाखाली चिरडावी. देवघराच्या उंबऱ्याशी तर विडीचे नावही निषिद्ध. हा आदर खरा होता, यात शंका नाही. मात्र तो वरच्या दिशेनेच वाहत असे. वडील आत गेले, की तोच गृहस्थ मूल मांडीवर घेऊन निर्धास्तपणे धूर सोडी. मुलाची भीड कसली?

तंबाखू ही मूळची आमची नव्हे. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून पूर्वेकडे आणली. विजापूरला वकिलीवर गेलेल्या असद बेगाने ती तेथे पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळीसह अकबरापुढे ठेवली. बादशहाने झुरका घेतला, तेव्हा हकिमाने हरकत घेतली. पण ती बादशहाच्या प्रकृतीपुरती. जहांगीराने १६१७ साली मनाईचे फर्मान काढले, ते कोणी मानले नाही. गोव्यात तर तंबाखूचा मक्ता हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि थेट ब्राझीलमधील बाहियाचा माल येथे उतरत असे. ज्यात सरकारचा नफा, त्याला मना कोण करणार? पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले, तोवर गोमंतकात तंबाखू चांगलीच मुरली होती.

जवळ बसलेल्या मुलाचे काय होते, हे पाहावयास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. लंडनच्या हॅरो भागातील दोन हजारांवर तान्ह्या मुलांची पाहणी १९७४ साली प्रसिद्ध झाली. आईबाप दोघेही ओढणारे असल्यास पहिल्या वर्षात फुप्फुसदाह व श्वासनलिकादाह सुमारे दुप्पट, असे तीत आढळले. खिडकी उघडल्याने हा धोका टळत नाही, हे अमेरिकेच्या प्रमुख आरोग्याधिकाऱ्यांच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट केले.

सार्वजनिक जागेपुरता गोव्याने पुढाकार घेतला, हे अभिमानाने नमूद करावयास हवे. डॉ. शरद वैद्य यांच्या खटपटीने धूम्रपान व थुंकणे यांवरील प्रतिबंधाचा कायदा येथे १९९७ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाचा देशव्यापी आदेश २ नोव्हेंबर २००१ चा, आणि केंद्राचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासूनचे. मोप्याच्या पठारावरील विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी वाहतुकीस खुला झाला, तोही या नियमांखालीच. ओढणाऱ्याने स्वतंत्र कक्षात जावे, इतरांच्या अंगावर धूर सोडू नये. घडीभर थांबणाऱ्या प्रवाशास असे संरक्षण लाभले. पठाराखालच्या वाडीतील तान्ह्यास नाही, कारण कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो.

आम्हां लोकांस धुराचे वावडे नाही, हेही खरे. देवापुढचा ऊद, बाळंतिणीच्या खोलीतील ओव्याची धुरी! (तीही तान्ह्याच्या छातीला बरी नव्हे, असे आता डॉक्टर बजावतात.) पण जुना नियम खालच्या दिशेनेही वळवता येतो, हे आमच्या परिचयाच्या एका घरी आम्ही पाहिले. नात जन्मली तेव्हा आजोबांनी आगपेटी सोप्यावरून उचलली आणि तुळशीवृंदावनापलीकडे, माडाच्या बुंध्याशी नेली. विडी संपली तरी ते लगोलग आत येत नाहीत, कारण धुराचा अंश कपड्यांना चिकटून राहतो. हातपाय धुऊन, सदरा बदलून, मगच पोरीला उचलतात. शेजारी हसून विचारतात, "आजोबा, हे कुठचे नवे सोवळे?"