एकच खंडोबा, दोन कायदे : मुरळीप्रथा आणि मराठवाडा

१/ नांदेड जिल्ह्यातील माळेगाव. मार्गशीर्षात येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, भंडाऱ्याची उधळण, वाघ्या-मुरळींची गाणी. या गाण्यांमागे एक इतिहास दडलेला आहे : नवसापोटी देवाला वाहिलेल्या लहान मुलींचा. #धागा

२/ मूल होईना किंवा झालेले जगेना, की अपत्य खंडोबाला वाहण्याचा नवस बोलला जाई. मुलगा झाल्यास वाघ्या, मुलगी झाल्यास मुरळी. मुलीचे देवाशी लग्न लावले जाई. पुढे माणसाशी विवाहाची वाट बंद. नवस आईबापांचा, तो फेडायचा मात्र तिने. अशा अनेक मुली देहविक्रयाच्या बाजारात पोचल्या.

३/ प्रतिकाराचा आवाज पुण्यातून उठला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. पुढच्याच वर्षी त्यात शिवूबाई या मुरळीचे पत्र छापून आले. ज्यांच्याविषयी समाज बोलत होता, त्यांच्यातलीच एक आता स्वतः बोलत होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मुरळीप्रथेविरुद्ध चळवळ उभारली.

४/ कायदा तेव्हाही होता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७२ नुसार अल्पवयीन व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी विकणे गुन्हा होता. १९२४ मध्ये ही वयोमर्यादा १८ झाली. परंतु विधी देवापुढे झाला, की त्यामागचा हेतू सिद्ध करणे कठीण.

५/ म्हणून १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा महत्त्वाचा. त्याने मुलगी देवाला वाहणे हेच बेकायदा ठरवले आणि वाहिलेल्या स्त्रीने केलेला विवाह वैध मानला.

६/ आता नकाशा पाहा. जेजुरी मुंबई इलाख्यात, माळेगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नांदेड आणि लातूरचा मुलूखही तिकडेच. दैवत एक, नवस एक; पण १९३४ चा कायदा संस्थानाच्या सीमेवर थांबला.

७/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार निषिद्ध केला. १ एप्रिल १९५१ रोजी भारतीय दंडसंहिताही येथे लागू झाली. म्हणजे मूळ संहितेनंतर तब्बल ९० वर्षांनी.

८/ १९५६ मध्ये हैदराबाद राज्य तीन भाषिक राज्यांत विभागले गेले. उदगीर-निलंग्याच्या शेजारच्या कर्नाटकाने १९८२ मध्ये, तर देगलूर-बिलोलीपलीकडील तत्कालीन आंध्र प्रदेशाने १९८८ मध्ये देवदासी-अर्पणाविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. आंध्रातील जोगिणी आणि आपली मुरळी ही एकाच दुःखाची दोन नावे.

९/ १९९० मध्ये ‘विशाल जीत’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देवदासी व जोगीण प्रथा आणि बालकांचा देहव्यापार यांचा एकत्र विचार केला. संपूर्ण महाराष्ट्रासाठी देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम आला तो २००५ चा.

१०/ या इतिहासातून काय घ्यावे? मुलांचा व्यापार नेहमी अंधारातच होतो असे नाही. कधी तो हळद लावून, वाजतगाजत, साऱ्या गावासमोर होतो. अशा वेळी कायद्याला एकच प्रश्न विचारावा लागतो : या मुलीला कोणी विचारले होते का? शिवूबाईंच्या पत्राचे मोल इथे आहे. तिला कोणी विचारले नव्हते. तरीही तिने उत्तर दिले.

(समाप्त)